शेवटचा घाणा

नवीन माणूस भेटला की लोक आधी नाव-गाव विचारतात. शालनआक्का डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची. कराडजवळ मलकापुरात तिच्या माडीवरची खोली मी भाड्यानं घेतली, तेव्हा माझी बॅग अजून जिन्यातच होती. तिनं लसणाचा वास येणाऱ्या अंगठ्यानं माझी पापणी खाली ओढली आणि आत नवऱ्याला हाक मारून सांगितलं, "आवं, हिच्यात रगातच न्हाई. हिला मरळ लागंल."

मी हबकले, कारण लोकांचं रक्त तपासणं हेच माझं काम होतं. मेढ्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी. केलं, वर लॅबचा डिप्लोमा केला आणि कराडच्या एका लॅबमध्ये नोकरीला लागले. हे मी कुणालाही पहिल्या दोन वाक्यांत सांगते, तिलाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझं हिमोग्लोबिन तपासलं तर एकदम ठीक होतं. तेही सांगितलं. ती म्हणाली, तुमचं मशीन नवं असंल अजून. आणि रात्री ताटात झाकून तळलेल्या मरळ माशाच्या दोन तुकड्या वर पाठवल्या.

महामार्गाच्या सर्व्हिस रोडला, टायरच्या दुकानाशेजारी तिचा तळलेल्या माशांचा गाडा होता. चिपळूणचा घाट चढून आलेला बांगडा, कोयनेच्या पाण्यातली मरळ आणि वाम, आणि कुठंही मिळणारी चिलापी. नवरा, निवृत्तीदादा, आयुष्यभर ट्रक चालवून थकले आणि मग गाड्यावर बसून कांदा-लिंबू चिरू लागले. गिऱ्हाईक आलं की आक्का 'काय देऊ' असं विचारायचीच नाही. 'काय हुतंय?' असं विचारायची. कुणी म्हणायचं कंबर धरली, कुणी म्हणायचं चष्म्याचा नंबर वाढला. कंबरेला वाम, डोळ्याला बांगड्याचं डोकं, ऑपरेशन झालेल्याला आणि बाळंतिणीला मरळ, असं तिचं ठरलेलं होतं. चिलापीला गुण नाही, ती नुसती पोटाला. एकदा एका पोरानं थट्टेनं सांगितलं, मला काही होत नाही, उद्या मुलगी बघायला जायचंय. आक्कानं त्याला सुरमई दिली. म्हणाली, म्हाग हाय, ही खाऊन माणूस नीट वागतंय.

मासा म्हणजे पाण्यातलं औषध, हे तिचं पालुपद. मी कधीमधी हसायचे. पण तिच्या गाड्यावर लोक नुसते खायला येत नसत, हेही मला दिसायचं. आपल्याला काय होतंय हे कुणीतरी विचारतं, एवढ्यासाठीसुद्धा येत.

आता तिच्या कढईबद्दल मला मागाहून कळलं ते सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या कढईतच घडलं. त्या कढईतलं तेल कधी संपायचं नाही. गाडा आवरताना उरलेलं तेल ती फडक्यातून गाळून स्टीलच्या डब्यात भरायची. दुसऱ्या दिवशी तेच परत कढईत आणि वर थोडं नवं. नव्या कोऱ्या तेलात मासा आळणी लागतो, असं तिचं म्हणणं. त्या रस्त्यावरचे सगळे गाडेवाले असंच करायचे आणि असंच म्हणायचे. संध्याकाळभर माशामागून मासा तळून झाला की तेलात लसूण उतरायचा, चटणी उतरायची, पिठाचे कण करपून तळाला बसायचे. त्या तेलातला शेवटचा घाणा सगळ्यात खमंग, हे खाणाऱ्यांना पक्कं ठाऊक. काहीजण तेवढ्यासाठी उशिरा यायचे.

पण आक्काचा शेवटचा घाणा विकायला नसायचा. तो मालकांचा. मालक म्हणजे निवृत्तीदादा. आक्का त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं बोलवत नसे. "जलमभर ढाब्यावरचं कायबाय खाल्लं त्येनी," ती म्हणायची. "आता माज्या हातचं सगळ्यात चांगलं त्येंचं." मग दोन बांगडे त्या काळ्या तेलात सोडायची, डब्यात भरायची आणि डबा पदराखाली धरून घरी न्यायची.

निवृत्तीदादांना झटका आला तो कांदा चिरताना. घाम फुटला, डावा हात जड झाला. सगळ्यांनी पित्त म्हणून सोडा पाजला. नशीब की टायरवाल्यानं त्यांचा रंग बघितला आणि थेट गाडीत घातलं. कराडच्या दवाखान्यात स्टेंट बसवली. घरी सोडायच्या दिवशी मी आक्काबरोबर होते. डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते, बाहेर रांग होती. विडी बंद, मटण बंद, तूप-लोणी बंद, असं त्यांनी सांगितलं. आक्कानं मान खाली घालून विचारलं, मग खायचं काय माणसानं? ते म्हणाले, "मासे चालतील की. मासे हृदयाला चांगले."

आक्काचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा झाला होता. जे ती इतकी वर्षं गाड्यावर उभी राहून सांगत होती, ते पांढऱ्या कोटातला माणूस टेबलाच्या पलीकडून सांगत होता. तिनं दोन्ही हात जोडले. रिक्षात बसल्यावर माझ्याकडं न बघता एवढंच म्हणाली, "ऐकलंस?"

मासे कसे करून खायचे, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं पातळ कालवण असेल. तिच्या डोळ्यांपुढं मासा एकाच ठिकाणाहून बाहेर यायचा.

त्या दिवसापासून शेवटचा घाणा हे औषध झालं. भाकरीबरोबर दोन बांगडे, चुकवायचे नाहीत. मालक जेवायला बसले की ती समोर गुडघा उभा करून बसायची आणि त्यांच्या जबड्याकडं बघत राहायची. पाणी पिताना ठसका लागला तरी हिचा हात छातीवर. दुपारी ते झोपले की पाठीला कान लावून ऐकायची. एकदा त्यांना जाग आली. मी जिन्यातून उतरत होते, त्यांचा आवाज आला, "आगं मेलो न्हाई अजून, झोपलोय." मला हसू आलं. आक्का बाहेर आली तेव्हा मात्र तिचे डोळे भरलेले होते आणि मला हसल्याची लाज वाटली.

मग वारांची अडचण उभी राहिली. निवृत्तीदादा गुरुवार आणि शनिवार पाळायचे, त्या दिवशी वशाट नाही. आक्का बेचैन झाली. मला येऊन विचारलं, आठवड्यातनं दोन दिवस गोळी चुकली तर चालतं का गं? मी म्हणाले, गोळी चुकवू नये. गोळीचंच विचारतेय असं मला वाटलं. गुरुवारी सकाळी ती नारळ घेऊन देवळात गेली आणि परत आल्यावर तिनं जाहीर केलं, की मालकांचा गुरुवार आणि शनिवार आजपासून माझ्याकडं. देवाला सांगून आलीय. ते खातील, मी धरीन.

निवृत्तीदादांच्या पचनी ते पडलं नाही. गुरुवारी मासा खाताना ते देव्हाऱ्याकडं पाठ करून बसायचे आणि पटापट उरकायचे. आक्काचा स्वतःचा सोमवार होताच, त्यात हे दोन वार आले. उपाशी पोटी ती गाड्यावर उभी राहायची, कढईची धग तोंडावर घेत. श्रावण आला तेव्हा तिनं आख्खा श्रावण त्यांचाही स्वतःवर घेतला. शेजारच्या बाया म्हणाल्या, असं कुठं असतं व्हय? देवाच्या दारी बदली माणूस चालतो का? ती म्हणाली, "देवाला बायकू हाय. त्येला समजतंय." हात बारीक झाले तिचे. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या.

तीनेक महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या करायच्या होत्या. निवृत्तीदादांचं रक्त मीच काढलं. वाईट चरबी कमी व्हायच्या ऐवजी वाढली होती. मी नमुना परत लावला. तेच आलं. रक्तदाबही चढाच होता. गोळ्या वेळेवर चालू होत्या, विडी सुटली होती, मटण घरात येत नव्हतं. मी घरी येऊन आक्काला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात परातीतच राहिले. म्हणाली, "मंग औषध कमी पडतंय म्हन की." आणि त्या संध्याकाळपासून दोनाचे तीन बांगडे झाले.

लॅबमध्ये माझी संध्याकाळची पाळी असायची आणि सुट्टीच्या दिवशीही मी गाड्यावर थोडाच वेळ थांबायचे, त्यामुळं गाडा आवरायच्या वेळेला मी तिथं कधी नसायचे. त्या आठवड्यात मशीन बिघडलं म्हणून लवकर सुटले आणि सहज गाड्याकडं गेले. कढईतलं तेल कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं. त्याला फेस येत होता आणि धुरानं माझे डोळे चुरचुरले. आक्कानं तीन बांगडे सोडले. ते बाहेर काढले तेव्हा काळपट झाले होते आणि झाऱ्यातून तेल निथळत होतं. तिनं ते डब्यात भरले. म्हणाली, "मालकांचं औषध."

 मला आडपडदा ठेवून बोलता येत नाही, आमच्याकडं कुणालाच येत नाही. मी तिथंच सांगितलं, आक्का, हे त्यांना देऊ नकोस. मासा चांगला आहे. पण हे तेल कितीदा उकळलंय बघ, ते सगळं तो तुकडा पितोय. वर मीठ, चटणी. यानंच वाढत असेल.

तिनं डब्याचं झाकण लावलं. "म्हंजी मी त्येनास्नी इख घालतीया?"

मी म्हणाले, विष नाही गं, कुणी कधीमधी खाल्लं तर काही होत नाही. पण त्यांना रोज...

"तू डाक्टर न्हाईस," ती म्हणाली. "रगात काढतीस. तेवडंच काढ."

दोन-चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सकाळचा चहा वर यायचा तो बंद झाला. खालून आवाज आला की मी कान लावायचे. ते जेवायला बसलेत का, डबा उघडला का. मला तर कामावरही सुचेना. आपण बोललो ते बरोबर होतं, पण उद्या तिनं रागानं चार बांगडे केले तर? एका सकाळी जिन्याखालून हाक आली, चप्पल घाल, दवाखान्यात जायचंय. मी चप्पल न घालताच जिना उतरले. खाली आले तर निवृत्तीदादा ओट्यावर पेपर वाचत होते. आक्का नव्या लुगड्यात, हातात कालचा डबा.

डॉक्टरांनी विचारलं, पेशंट कुठायत?

"पेशंट घरी हाय," आक्का म्हणाली. "औषध आणलंय." आणि तिनं डबा त्यांच्या टेबलावर ठेवून उघडला.

त्या माणसाला मी मानते. तो हसला नाही, रागावला नाही. त्यानं वास घेतला. एक तुकडा कोऱ्या कागदावर ठेवला. आम्ही तिघं बघत होतो आणि कागदावर तेलाचा डाग पसरत पसरत कडेपर्यंत गेला. मग त्यानं विचारलं, तेल कधीचं आहे? आक्कानं बराच विचार केला. म्हणाली, समदं तेल कवा बदललं ते आटवत न्हाई.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि या खेपेला घाई केली नाही. बाहेर लोक थांबलेले होते तरी. बांगडा मुळात चांगलाच, त्याच्या अंगची चरबी हृदयाच्या कामाची. पण कडकडीत तेलात ती बिघडते आणि तिच्या जागी कढईतलं तेल आत शिरतं. तेच ते तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते रक्तवाहिन्यांना वाईट. पातळ कालवण करा, वाफवा, नाहीतर तव्यावर चमचाभर तेलात भाजा, आठवड्यातून दोनदा पुष्कळ झालं. बाकीचे दिवस डाळ, उसळ, भाजी. आणि मीठ बेतानं. आक्का प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. मला वाटलं, संपलं.

तिनं डब्याचं झाकण लावलं आणि उठताना विचारलं, "मंग पयला झटका? त्यो बी माज्याच हातनं का?"

डॉक्टर म्हणाले, विडी होती, ट्रकवरची जागरणं होती, त्यांच्या वडलांनाही हाच त्रास होता. एकाच गोष्टीवर ढकलता येत नाही.

"मंग न्हाई म्हना की."

डॉक्टरांनी खुर्ची पुढं घेतली. मग हळू म्हणाले, "तसं छातीठोक मला नाही सांगता येणार, मावशी."

 घरी आल्यावर तिनं तेलाच्या स्टीलच्या डब्यातलं सगळं तेल मागच्या खड्ड्यात ओतलं, वर माती लोटली. मग कढई घेऊन बसली. विटेचा चुरा लावून लावून तिनं ती घासली. कढई आतून कशी दिसते, हे आम्ही कुणीच आधी बघितलं नव्हतं. निवृत्तीदादा दारात उभे राहून म्हणाले, काय झालं काय? तिनं आणखी मूठभर चुरा घेतला.

पुढं गाडा बंद नाही केला तिनं. बंद करून जगायचं कशावर? पण रोजचं तेल रोज नवं घ्यायला लागली आणि उरलेलं टाकायला लागली. जुनी गिऱ्हाइकं नाराज झाली. एकजण तोंडावर म्हणाला, आक्का, तुझा हात गेला. पूर्वी असं कुणी म्हणालं असतं तर तिनं त्याला उभा फाडला असता. आता नुसतं लिंबू पिळून दिलं. 'काय हुतंय' असं विचारायचं तिनं सोडूनच दिलं. एखादं पोट सुटलेलं गिऱ्हाईक तिसऱ्यांदा ताट पुढं करायला लागलं की म्हणायची, बास झालं, घरला जावा, वाट बगत असतील. आणि रोज येणाऱ्याला सरळ हाकलायची. मी विचारलं, असा धंदा होतो का? ती म्हणाली, एकांदा दिवस जिबंला खाल्लं तर खाऊ दे. रोजच्या माणसाचं मला आता भ्या वाटतंय.

घरी खरी लढाई निवृत्तीदादांशी. हळद-मीठ लावून वाफवलेला मासा त्यांच्यापुढं आला की ते ताटाकडं असं बघायचे की जणू त्यांना परत दवाखान्यात घातलंय. वास बी तसलाच येतोय, म्हणायचे. कालवणातले मासे बाजूला सारून नुसत्या रश्शात भाकरी चुरायचे. आक्कानं आलं घालून बघितलं, चिंच घालून बघितलं, केळीच्या पानात बांधून बघितलं. ते एक घास खायचे आणि तिच्या बोटांकडं बघायचे. कुठल्यातरी बोटाला जुन्या कढईचा वास असेल, अशा आशेनं.

माझ्या सुट्टीच्या एका संध्याकाळी ते गाड्यावर आलेच नाहीत. त्यांचा फोन नुसता वाजत होता. आक्कानं शेगडी विझवली, तळायचं तसंच ठेवलं आणि आम्ही दोघी शोधायला निघालो. पानटपरी, सलून, मारुतीचं देऊळ. ती प्रत्येकाला एकच विचारत होती, पडल्यालं कोण दिसलं का? बसलेला माणूस दिसला का, असं तिच्या तोंडातून येईचना. मी तिचा दंड धरला तर तो सोडवून ती पुढं निघाली. पुलाकडच्या एका गाड्यापाशी मला ओळखीचा सदरा दिसला. निवृत्तीदादा रस्त्याकडं पाठ करून बाकड्यावर बसले होते आणि दोन्ही हातांनी बांगडा खात होते.

आक्का त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ओरडली नाही. म्हणाली, "चव कशी हाय?"

त्यांनी घास गिळला. "तुज्यावानी न्हाई."

 मग मात्र ती रस्त्याच्या कडेलाच बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. गाडेवाला गडबडून गॅस बारीक करायला लागला. निवृत्तीदादांनी उरलेला मासा ताटात ठेवला आणि हात सदऱ्याला पुसले.

"आगं शालन, एकच खाल्लाय. आईशपथ."

"तुमी रुसला तरी चालंल मला," ती पदराआडून म्हणाली. "उपाशी निजला तरी चालंल. तुमी नसला तर मी गाडा आवरून जायाचं कुणाकडं?"

ते बाकड्यावरून उठले. तिच्या शेजारी, तिथंच कडेला बसले. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचा उजेड दोघांवर पडत होता. मी टायरवाल्याला फोन केला, सापडले म्हणून.

त्यानंतर ते पुढ्यात येईल ते खाऊ लागले. कुरकुर असायची, पण ताट पुसलेलं असायचं. पुढच्या तपासणीत चरबी थोडी उतरली. थोडीच. आणखी एका ठिकाणी अडथळा आहे, त्यावर लक्ष ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. 'लक्ष ठेवू' हा शब्द आक्कानं फार मनावर घेतला. डॉक्टर महिन्यातून एकदा ठेवणार होते. ती दिवसभर ठेवायला लागली. गुरुवार आणि शनिवार तिनं परत दिले नाहीत. मी म्हटलं, आता कशाला? ती म्हणाली, एकदा घेतलेलं माघारी कसं देऊ, देव काय दुकानदार हाय?

मग मला सांगलीत चांगली नोकरी मिळाली आणि मी मलकापूर सोडलं. फोन व्हायचे. 'मालक बरं हायती' हे ती आधी सांगायची आणि मग विचारायची, तू कशी हायस.

गेल्या हिवाळ्यात मेढ्याला घरी जाताना मी वाटेत मलकापूरला उतरले. दिवस कलला होता, गाड्यांची ऐन धंद्याची वेळ. सगळ्या गाड्यांवर उजेड होता आणि आक्काच्या गाड्यावर ताडपत्री बांधलेली. क्षणभर मला पुढं जाववेना. टायरवाल्यानं माझा चेहरा बघून लांबूनच सांगितलं, काय न्हाई, फिराय गेल्यात दोघं. रोज जात्यात. तासभर गाडा बंद ठेवत्यात.

मी नदीकडच्या रस्त्यानं चालत गेले. पुलाच्या अलीकडं ते दिसले. निवृत्तीदादा पुढं होते, हात मागं बांधून, सावकाश. वाळले होते. आक्का त्यांच्या मागं होती आणि तिचा उजवा हात त्यांच्या पाठीमागं हवेत धरलेला होता. पाठीला टेकलेला नव्हता. वीतभर अंतर ठेवून, पंजा उघडा, जसा काही आत्ताच त्यांना झेलायचा आहे. नजर पाठीवरून हलत नव्हती. रस्त्यात खड्डा आला तरी ती खाली बघत नव्हती.

मी हाक मारणार होते. पण हाक मारली असती तर तिनं मान वळवली असती.

कठड्यापाशी ते थांबले. खाली कुणीतरी जाळं ओढत होतं, ते बघायला. तिचा हात जागच्या जागी थांबला. त्यांना काहीतरी जाणवलं असावं. त्यांनी वळून विचारलं, "काय गं?"

हात झटकन खाली आला आणि पदर सारखा करू लागला.

"काय न्हाई," ती म्हणाली. "चला तुमी."

ते वळले आणि चालायला लागले. चार पावलं गेल्यावर तिचा हात पुन्हा वर आला.